वरच्या खोलीला खालून हाक

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, सुदामा नगर, इंदूर येथील आमच्या राहत्या घराच्या वरच्या खोलीतील संगणक निद्रिस्त असून, वारंवार विनंती, आर्जव व समज देऊनही तो जागा होण्यास राजी नाही. तरी त्यास येत्या रविवारपर्यंत अखेरची मुदत देण्यात येत आहे. मुदतीत न उठल्यास त्याची उचलबांगडी करून त्यास तळमजल्यावर आणण्यात येईल, व होणाऱ्या परिणामांस तो स्वतः जबाबदार राहील.

ही नोटीस मी एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिली आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावली. भाषा सासऱ्यांची. ते आयुष्यभर सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आणि त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षं एका घरात राहिल्यावर कुणीही तसं लिहायला लागेल. मी तर शाळेत विज्ञान शिकवते आणि वर्षातून एकदा इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात उभी राहते, तेव्हा असला मजकूर मिळाला की माझ्या तोंडाला पाणीच सुटतं.

सासरे वॉकर टेकत टेकत आले, चष्मा लावून नोटीस वाचली, ‘आर्जव’च्या खाली पेन्सिलीने रेघ मारली, खाली ‘वाचले’ असं लिहून सही केली आणि परत दिवाणावर जाऊन बसले. सासूबाईंनी फक्त ‘रविवार’ एवढंच वाचलं. म्हणाल्या, चांगलं केलंस लिहून ठेवलंस, आता कुणी पलटायला नको.

आता हे प्रकरण काय ते नीट सांगते.

आमच्या घरात खाली बैठक आहे आणि वर गच्चीला लागून एक खोली आहे. मध्ये बावीस पायऱ्या. अकरा चढायच्या, वळायचं, आणि पुन्हा अकरा. वरची खोली सासऱ्यांची. तिला ते ऑफिस म्हणतात आणि आम्हीही म्हणतो, कारण ती तशीच चालते. रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून ते साडेदहाला वर जायला लागले. दीडला जेवायला उतरतात, थोडी झोप काढतात, चारला पुन्हा वर. रविवारी सुट्टी.

वर काय करतात? त्यांच्या पणजोबांपासून घरातली माणसं दरबारच्या दफ्तरात कारकून. त्यांच्या हातचे कागद एका पत्र्याच्या पेटीत भरलेले आहेत, सगळे मोडीत. मोडी म्हणजे ती जुनी, हात न उचलता धावत लिहायची लिपी. आता ती वाचणारे गावात बोटांवर मोजण्याइतके. सासरे एकेक कागद स्कॅन करतात, पडद्यावर हत्तीएवढा मोठा करतात आणि शेजारी देवनागरीत टाइप करत जातात. बारा वर्षं झाली. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. रजेचे अर्ज आहेत, आचाऱ्याविरुद्ध तक्रारी आहेत, दफ्तराच्या खोलीत पाणी गळतं म्हणून लिहिलेली सात स्मरणपत्रं आहेत. एक कारकून असा आहे की ज्याची सासू तीन वर्षांत चार वेळा अत्यवस्थ झाली. त्याचे अर्ज सासरे जेवताना आम्हाला वाचून दाखवतात. चौथ्या अर्जाला सासूबाई म्हणाल्या होत्या, की त्या बाईची बाजू कुणी लिहून ठेवली आहे का ते बघा.

तर अशा माणसाचा गुडघा बदलला.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी फिरायला सांगितलं, व्यायाम सांगितले, आणि घरचा जिना बघून म्हणाले, ह्याच्याकडे दोन महिने बघायचंसुद्धा नाही. सासरे बघत नव्हते. पण आठव्या-नवव्या दिवशी साडेदहा वाजले की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जायला लागला.

त्याची तरतूद आधीच झालेली होती. कृष्णपुऱ्याला ज्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, ते माझ्याच वयाचे गृहस्थ आमच्याकडे कितीतरी वर्षांपासून येतात. त्यांना सगळं गाव भिया, म्हणजे इंदुरी उच्चारातलं भैया, म्हणतं, मीही म्हणते. ऑपरेशनच्या आधीच त्यांनी एक टॅबलेट आणून अशी सोय करून दिली होती, की वरच्या संगणकाचा पडदा जसाच्या तसा खाली टॅबलेटवर दिसावा. सासरे दिवाणावर पाय लांब करून बसले, मांडीवर टॅबलेट, आणि वरच्या ऑफिसातलं अर्धवट राहिलेलं स्मरणपत्र समोर उघडलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. गुडघ्याचं दुखणं पाच मिनिटं कुठे गेलं कळलंच नाही.

अडचण एवढीच, की वरचा संगणक चालू असेल तरच हे सगळं. आणि तो चालू करायला कुणीतरी वर जाऊन बटण दाबायला हवं.

तुम्ही म्हणाल, मग चालूच ठेवा. तुम्ही सासऱ्यांना ओळखत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं कचेरी सुटताना शेवटचा पंखा स्वतः बंद केला, तो माणूस दुपारी दीड वाजता टॅबलेटवरूनच संगणक व्यवस्थित बंद करायचा. झोप झाली की चारला पुन्हा बटण. सकाळचं बटण मी शाळेत जाण्याआधी दाबून जायची, संगणक साडेदहापर्यंत उगीच चालू राहतो म्हणून त्यांना रुखरुख. चारला मी शाळेतून पोचलेली नसायची. नवरा सकाळी पीथमपूरच्या कारखान्याची बस पकडतो तो संध्याकाळी सातला उगवतो. राहिल्या सासूबाई. त्या दिवसातून तीनदा गच्चीवर जातात, कपडे वाळत घालतात, काढतात, तुळशीला पाणी घालतात. पण त्यांनी जाहीर केलं, की बटणाला हात लावणार नाही.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. यंत्र खाली आणा. बैठकीत जागा करू, माझा शिवणाचा कोपरा घ्या, पण ह्या जिन्याचा नाद आता सोडा. ऑपरेशनच्या दिवशी थिएटरबाहेरच्या बाकावर त्या माझ्या शेजारी चार तास बसल्या होत्या, आणि मला वाटतं तिथेच त्यांनी हे ठरवून टाकलं होतं. देवासला त्यांचे धाकटे भाऊ असतात, आमचे मामा. सत्तरीचे आहेत, पण जड वस्तू उचलायला बोलावलं की लग्नाला बोलावल्यासारखे येतात. त्यांना फोनही झाला. ते रविवारी येणार, संगणक, टेबल, स्कॅनर, सगळं खाली आणणार.

मला सुरुवातीला वाटलं, ह्यात वाईट काय? मी सासऱ्यांना तसं विचारलंसुद्धा. सासूबाई देवघरात होत्या. सासऱ्यांनी टॅबलेट उलटा करून मांडीवर ठेवला.

“अगं, आज संगणक खाली येईल,” ते म्हणाले. “मग त्याच्यामागे पेटी येईल. मग खुर्ची. मग वर जायचं कारणच राहणार नाही. मला वर जायचंय.”

एवढंच. पुढे ते स्मरणपत्र वाचायला लागले. पण ते ऐकल्यावर मी पक्ष बदलला. गुपचूप, कारण स्वयंपाकघर दुसऱ्या पक्षाच्या ताब्यात होतं.

मी कृष्णपुऱ्याला फोन लावला. भियांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला अशी एक गोष्ट सांगितली, की शाळेत विज्ञान शिकवत असूनही मी तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले. म्हणाले, संगणक बंद केला तरी तो पूर्ण बंद होत नाही. आत वीज असते तोवर त्याचा नेटवर्कचा भाग जागाच असतो. घरातल्याच दुसऱ्या यंत्राने त्याचा पत्ता घालून एक ठरावीक संदेश सोडला, की तो तडक उठतो.

“भाभीजी, सोते में भी उसका एक कान खुला रहता है,” असं त्यांनी शेवटी समजावलं.

आणि त्या संदेशाचं नाव काय, तर मॅजिक पॅकेट. हे मी बनवून सांगत नाही, त्याचं खरंच तेच नाव आहे. ज्या शास्त्रात असली नावं ठेवतात ते शास्त्र मी का नाही शिकले, असा विचार मला त्या दिवशी भाजी निवडताना तीनदा आला.

तो गुरुवार होता. भिया एका शाळेच्या कामात अडकले होते, ते सोमवारशिवाय येऊ शकत नव्हते. सोमवार म्हणजे मामा येऊन गेल्यावर. तेव्हा ते फोनवर सांगणार आणि मी वर बसून करणार, असं ठरलं. सासूबाईंना मी सांगितलं की वरची धूळ झटकायला जाते. धूळ होतीच, त्यामुळे ते खोटं नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही संगणक चालू होता होता एक कळ दाबून त्याच्या अंतरंगातल्या निळ्या पडद्यावर गेलो. तिथे इंग्रजीत पन्नास प्रश्न असतात आणि चुकीचं उत्तर दिलं तर काय होईल ते कुणी सांगत नाही. ‘नेटवर्कवरून हाक आली तर उठायचं का?’ अशा अर्थाचं एक वाक्य सापडलं. त्याच्यापुढे नाही होतं, ते हो केलं. खाली येऊन टॅबलेटवर भियांनी सांगितलेलं अ‍ॅप घेतलं, संगणकाचा पत्ता घातला. सासूबाई दूध आणायला गेल्या होत्या. सासऱ्यांनी सरळ बसून, दोन्ही हात धुतल्यासारखे एकमेकांवर चोळून, टॅबलेटवरचं बटण दाबलं.

आम्ही जिन्याकडे कान लावून बसलो. वरून उत्तर आलं नाही. गच्चीवर कबुतर होतं, तेवढंच बोललं.

दुसऱ्या दिवशी भिया म्हणाले, ह्या नव्या संगणकांना लवकर चालू व्हायची एक सवय लावून दिलेली असते, त्यामुळे ते बंद होताना नीट बंदच होत नाहीत आणि मग हाक ऐकत नाहीत. ती सवय मोडली. आणखी दोन ठिकाणी खुणा केल्या. पुन्हा खाली. पुन्हा बटण. सासरे म्हणाले, आपण ह्याला पहिलं स्मरणपत्र दिलं, आता दुसरं देऊ. तिसरंही दिलं. दफ्तरातल्या गळक्या छपराला सात द्यावी लागली होती, असं त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं. पण चष्मा काढून पुसताना त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, ते मी बघितलं.

नोटीस मी त्याच संध्याकाळी लावली. थोडं हसू यावं म्हणून.

शनिवारी माझी अर्धी शाळा. घरी येऊन चप्पल काढायच्या आत मी वर गेले आणि भियांना फोन लावला. मी चिडले होते. म्हटलं, भिया, संगणक चालू असताना इंटरनेट व्यवस्थित येतं, टॅबलेटला दिसतो, सगळं होतं. म्हणजे रस्ता ठीक आहे. मग हाक का पोचत नाही? त्यांनी मला घातलेला पत्ता वाचायला सांगितला. मी बारा अक्षरं वाचली. मग म्हणाले, संगणकात असे पत्ते किती दिसतात? मी बघितलं. दोन. एक वायफायचा आणि एक वायरचा. मी कोणता घातलाय? वायफायचा.

इथे भियांनी मला प्रेमाने समजावलं, की संगणक झोपला की वायफायही झोपतं. कान उघडा राहतो तो वायरीचा. वायरीचा पत्ता घालायला पाहिजे होता.

आमच्याकडे वायर आहे. वायफाय वरपर्यंत पोचत नव्हतं त्या काळात खालच्या इंटरनेटच्या डब्यापासून जिन्याच्या कठड्याला धरून वर नेलेली आहे, आणि सासूबाई तिच्यावर दर दिवाळीला ओलं फडकंही फिरवतात. पुढे वरच्या संगणकाला वायफाय लागलं आणि वायरीकडे बघायचं कुणाला कारण राहिलं नाही. मी भियांना सांगितलं, तो वायरवाला पत्ता मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. पण त्याच्यापुढे ‘जोडलेलं नाही’ असं लिहिलेलं होतं. मला वाटलं, जोडलेलंच नाही तर तो काय कामाचा, म्हणून जो जोडलेला होता तो घेतला.

 मग भियांनी शांतपणे विचारलं, की वायर संगणकात घुसते तिथे मागे हिरवी बत्ती लागलेली आहे का.

मी टेबलाखाली शिरले. पन्नाशीत टेबलाखाली शिरणं ही काही साधी गोष्ट नाही, त्यासाठी आधी मनाची तयारी आणि नंतर कुणीतरी ओढायला लागतं. बत्ती नव्हती. हिरवी नाही, पिवळी नाही, कुठलीच नाही. वायर मात्र लागलेली होती. नीट बघितलं तर लागल्यासारखी होती. बाकीच्या सगळ्या वायरी भोकात गळ्यापर्यंत बसलेल्या, आणि ही थोडी बाहेर, पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसलेली. दाबली, तर कट् असा आवाज यायला हवा तो आला नाही. उपसून काढली आणि फोनच्या उजेडात भोकात बघितलं.

आत काहीतरी लाल होतं.

मी केसातला आकडा काढला. हलक्या हाताने कोरलं. आधी एक दाणा आला, मग दुसरा. तांदळाचे, कुंकवाने माखलेले, हळदीत वाळून टणक झालेले.

अक्षता!

मी ते दोन दाणे तळहातावर घेऊन खाली आले. नाटकात कशी मी पुरावा घेऊन प्रवेश करते तशी, बावीस पायऱ्या एकेक मोजून. बैठकीत सासरे दिवाणावर आणि सासूबाई त्यांच्या कोपऱ्यात उशीचा अभ्रा शिवत बसल्या होत्या. मी हात पुढे केला आणि म्हटलं, हे संगणकाच्या पाठीत सापडलं.

सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. अजिबात गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, दसऱ्याचे असतील.

मग सगळं उलगडलं. आमच्याकडे दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं पुसून त्यांना हळदकुंकू वाहायचं: विळी, शिवणयंत्र, स्कूटर, आणि आता संगणकही. मी समजत होते की त्या समोरून दोन बोटं लावत असतील. पण सासूबाईंचं त्यावर चिंतन झालेलं होतं. समोरून तो डबा नुसता काळा गुळगुळीत, एक बटण सोडलं तर त्याला ना डोळे ना तोंड. सगळ्या वायरी मागे, सगळी भोकं मागे, वारा टाकतो तोही मागून. म्हणजे त्याचं तोंड मागेच असणार. तेव्हा त्यांनी सगळ्या वायरी काढल्या, डबा फिरवला, ओल्या फडक्याने पुसला, पाटावर बसवून मागच्या बाजूला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सोन्याचं पान ठेवलं आणि ज्या वायरी जिथे होत्या तिथे परत खुपसल्या. एक जरा घट्ट वाटली. पण लागली.

त्यानंतर तीन महिने संगणक वायफायवर चालत राहिला, आणि वायर मागे नुसती शोभेला.

सासरे ऐकत होते. त्यांचा चेहरा मी वाचू शकत नव्हते, आणि मला मोडीही येत नाही. शेवटी त्यांनी बायकोला विचारलं, अगदी चौकशी समितीच्या आवाजात, की हे कुणी हेतुपुरस्सर तर केलेलं नाही ना.

“अहो, दसऱ्याला तुमचे गुडघे ठीक होते,” सासूबाई म्हणाल्या, आणि दाताने दोरा तोडला.

 समिती बरखास्त झाली. सासरे हसायला लागले, हसताना गुडघा हलला, गुडघा हलला म्हणून ओरडले, आणि ओरडता ओरडता पुन्हा हसले. सासूबाई मात्र गंभीर. मला म्हणाल्या, तुम्ही लोकांनी लिहून ठेवायला पाहिजे होतं मागे पूजा करायची नाही म्हणून, फ्रिजवर तर काय काय लिहून राहिली आहेस.

मी वर गेले, वायर दाबली, कट् झालं, बत्ती लागली. हिरवी, लुकलुकणारी. वायरीचा पत्ता उतरवून घेतला. संगणक बंद केला. खाली आले.

ह्या वेळी चोरी नव्हती. सासूबाई मशीनवरून उठून दिवाणाशी येऊन उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. सासऱ्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. मग वरून, फार हळू, पंखा फिरायचा आवाज यायला लागला, जसा कुणी झोपेत कूस बदलून मोठा श्वास घेतं तसा. टॅबलेटवर पडदा उघडला. सासऱ्यांनी फाइल उघडली: स्मरणपत्र क्रमांक पाच, ज्या ओळीवर सोडलं होतं त्याच ओळीवर.

 सासऱ्यांनी संगणक बंद केला आणि पुन्हा उठवला. मग पुन्हा. चौथ्यांदा सासूबाई म्हणाल्या, आता त्याला दमवू नका.

रविवारी मामा आले. येताना सुताची जाड दोरी घेऊन आले होते. त्यांना चहा दिला, सगळी हकीकत सांगितली, प्रयोग करून दाखवला. ते थोडे नाराज दिसले, म्हणून सासूबाईंनी त्यांच्याकडून स्वयंपाकघरातली गव्हाची कोठी ह्या भिंतीपासून त्या भिंतीला नेऊन घेतली. ती तिथे नेण्याचं काही कारण नव्हतं. आठ दिवसांनी मी आणि नवऱ्याने ती परत आणली.

म्हणजे सासरे जिंकले, असं मला वाटलं. सकाळी साडेदहाला उठवायचं, दीडला झोपवायचं, चारला पुन्हा उठवायचं. कुणाला विचारायला नको, कुणाची वाट बघायला नको. संगणक वर आणि ऑफिसही वर, मुदतीच्या बाहेर सुरक्षित. पण हळूहळू मला एक निराळीच शंका यायला लागली. आठवडे गेले. वॉकर गेला, काठी आली. काठी कोपऱ्यात उभी राहायला लागली. डॉक्टरांनी जिन्याला परवानगी दिली, एकेक पायरी, कठडा धरून. आणि सासरे दिवाणावरच. तीन स्मरणपत्रं संपली, आचाऱ्याची तक्रार सुरू झाली. उशा होत्या, चहा हातात होता, टॅबलेटवर अक्षरं दोन बोटांनी मोठी होत होती. एकदा तर ते म्हणाले, इथे उजेड बरा आहे.

सासूबाईंच्या चेहऱ्यावर मी असं समाधान पाहिलं की मला धसकाच बसला. त्यांनी दिवाणावर एक नवी गादी घातली. मी मनात म्हटलं, झालं. मामांची दोरी जे करणार होती ते तुझ्या जादूने केलं. सासऱ्यांना वर न्यायला निघालीस आणि वर जायचं कारणच काढून घेतलंस.

मला सासऱ्यांना विचारायचं होतं. विचारलं नाही. सून म्हणून नाही, तर एवढी मोठी फजिती स्वतःच्या तोंडाने उच्चारायची माझी हिंमत नव्हती.

मग एका सकाळी आचाऱ्याच्या तक्रारीत एक शब्द अडला. कागद तिथे दुमडलेला होता आणि स्कॅनमध्ये त्या घडीवर काळी रेघ आली होती. सासऱ्यांनी तो मोठा केला, लहान केला, टॅबलेट तिरका धरला. दोन दिवस त्या एका शब्दावर गेले. आचाऱ्याने वरणात नक्की काय कमी घातलं होतं ते त्यावरच अवलंबून. तिसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, मूळ कागद खिडकीशी धरून बघायला पाहिजे. मी म्हटलं, मी आणते पेटीतून. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या पणजोबांना पिशवीत घालून आणते म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. साडेदहाला ते उठले, काठी घेतली, चष्म्याची डबी खिशात टाकली आणि जिन्याशी गेले.  सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, हाताला कणीक तशीच. थांबवतील असं वाटलं. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि ओठ हलवत मोजायला लागल्या. एक. दोन. सासरे प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय एकत्र करत होते. अकराला वळणावर थांबले, दम घेतला. मला वाटलं परततील. मग पुन्हा काठीचा टक् आवाज. बारा. तेरा. सासूबाईंचे ओठ हलत होते. बावीस म्हटल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकला, भिंतीला कणीक लागली.

वर दार उघडल्याचा आवाज आला. मग त्यांची खुर्ची करकरली.  मी जिन्याखाली उभी. त्यांना एकट्याने बसू द्यावं असं वाटत होतं आणि पळत वर जावं असंही. अडीच महिन्यांनी माणूस आपल्या टेबलाशी बसला होता. समोर संगणक, गुडघ्यापासून हातभर अंतरावर त्याचं भलंमोठं, गोल, चांदीच्या रंगाचं बटण.

मग वरून हाक आली. आवाजात दम होता, घाई होती आणि थोडा रागही:

“अगं ए, टॅबलेट खालीच राहिला! आता ह्याला उठवायचं कसं?”